जपमाळ, तेर्स आणि ‘रहस्य’

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार निघाला म्हणजे समीक्षकांची दृष्टी बहुधा दोन ठिकाणी स्थिरावते. पहिले ठिकाण, १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापले गेलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. दुसरे, १८९५ साली ख्रिस्ती धर्माचा स्वीकार करणाऱ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता. या दोहोंमध्ये जवळजवळ पावणेतीनशे वर्षांचे अंतर आहे. सतराव्या शतकातील काही ग्रंथ सोडले तर या अंतरात लिखित असे फार थोडे हाती लागते, आणि म्हणून हा काळ वाङ्मयदृष्ट्या ओसाड मानण्याची प्रथा पडली आहे. ही प्रथा तपासून पाहण्याजोगी आहे. ज्या काळात ग्रंथ नव्हते त्या काळात गोव्यात, वसईत, सावंतवाडीच्या मुलुखात आणि तेथून घाटावर आलेल्या कॅथॉलिक कुटुंबांत दिवेलागणीला एक निश्चित पाठ म्हटला जात होता. तो मुखोद्गत होता, सामुदायिक होता, त्याला आरंभ-मध्य-शेवट असलेली कथा होती. त्याचे साधन होते मण्यांची एक माळ. हरिपाठ, आरती आणि जात्यावरची ओवी यांना वाङ्मयाच्या इतिहासात स्थान देणाऱ्या मराठी समीक्षेने या पाठाकडे मात्र केवळ धर्माचाराची बाब म्हणून पाहिले. त्यास तिने ‘जपमाळ’ हे नाव दिले आणि नाव देताच विषय संपला असे मानले.

या नावाने जेवढे प्रकट केले त्याहून अधिक झाकले आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

कोल्हापुरात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे उभा राहतो. येथील ख्रिस्ती मराठीचे वळण मुख्यतः प्रॉटेस्टंट आहे. रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली येथे आले, तेव्हापासून मराठी बायबल, गायनपुस्तक आणि प्रवचन यांच्या द्वारे जी भाषा घडली तीच नगरातील सुशिक्षित वाचकास ‘ख्रिस्ती मराठी’ म्हणून परिचित आहे. परंतु जिल्ह्याच्या दक्षिणेस आजऱ्याकडे आणि आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे गेले म्हणजे ख्रिस्ती घरांतील शब्द बदलतात. तेथे कोंकणी कानावर येते, सायंकाळची प्रार्थना ‘तेर्स’ या नावाने ओळखली जाते, आणि येशूच्या आईस ‘सायबीण’ म्हणतात. एकाच जिल्ह्याच्या परिसरात एकाच धर्माच्या दोन भाषा नांदत असता समीक्षेने त्यांपैकी एकीलाच प्रमाण धरावे, याचे कारण वाङ्मयीन नसून छापखान्याच्या इतिहासात आहे. एकीची पुस्तके शंभर-दीडशे वर्षे छापली जात होती. दुसरीजवळ माळ होती.

शिवाय माळेचा प्रकार कोल्हापूरकरास अपरिचित नाही. महाद्वार रस्त्याच्या दुकानांत तुळशीच्या आणि रुद्राक्षाच्या माळा शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. जैन श्रावकाच्या हाती एकशे आठ मण्यांची माळ असते आणि त्या संख्येचा हिशेब तो सांगू शकतो: अरिहंताचे बारा गुण, सिद्धाचे आठ, आचार्याचे छत्तीस, उपाध्यायाचे पंचवीस आणि साधूचे सत्तावीस. मुसलमान गृहस्थाची तसबी ईश्वराच्या नव्याण्णव नामांशी निगडित आहे. अशा परिसरात कॅथॉलिक माळ दृष्टीस पडली की ‘हाही आपल्याच जपाचा एक प्रकार’ असे वाटणे स्वाभाविक आहे. साम्य खरेच आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

या घाईला एकोणिसाव्या शतकात पांडित्याचाही आधार मिळाला होता. आल्ब्रेख्त वेबर या जर्मन संस्कृतज्ञाने अशी कल्पना मांडली की, युरोपातील ‘रोझरी’ हे नाव मुळात ‘जपमाला’ या शब्दाच्या चुकीच्या भाषांतरातून आले असावे. संस्कृतात ‘जप’ म्हणजे नामोच्चार, परंतु ‘जपा’ म्हणजे जास्वंद. जपाची माळ ही जपाकुसुमांची माळ समजली गेली, आणि फुलांची माळ म्हणून तिचे लॅटिन नाव गुलाबांवरून पडले, असा हा तर्क. मराठी वाचकास तो मोहक वाटतो यात नवल नाही; सूर्याला जास्वंदीची उपमा देणारे संस्कृत स्तोत्र आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असते. परंतु मोहकपणा हा पुरावा नव्हे. लॅटिनमधील ‘रोझारियुम’ या शब्दाचा अर्थ गुलाबांचा ताटवा. मध्ययुगात निवडक वचनांच्या किंवा स्तुतिपर पद्यांच्या संग्रहास असे नाव देण्याची रीत होती. मरियेच्या मूर्तीस फुलांचा मुकुट वाहावा तसा प्रार्थनांचा मुकुट वाहावा, ही कल्पनाही युरोपच्या भक्तिवाङ्मयात स्वतंत्रपणे वाढलेली दिसते. या शब्दाच्या स्पष्टीकरणासाठी भारतापर्यंत येण्याची आवश्यकता नाही. मणी ओढून मोजण्याची युक्ती पूर्वेकडून पश्चिमेस गेली असणे संभवनीय आहे, पण युक्तीचा प्रवास आणि अर्थाचा प्रवास या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेबरचा तर्क मागे पडला, तथापि त्यामागील वृत्ती अद्याप गेलेली नाही. परकी वस्तू आपल्या शब्दाच्या साच्यात बसली की ती समजली, ही ती वृत्ती होय.

युरोपातील इतिहास थोडक्यात असा. मठवासी साधू दाविदाची दीडशे स्तोत्रे लॅटिनमधून म्हणत. मठातील जे बंधू निरक्षर होते त्यांना ती म्हणता येत नसत. म्हणून त्यांनी त्याऐवजी दीडशे वेळा प्रभूची प्रार्थना म्हणावी असा प्रघात पडला. लॅटिनमध्ये त्या प्रार्थनेचे पहिले दोन शब्द ‘पातेर नोस्तेर’, म्हणजे ‘आमच्या पित्या’. मोजण्याच्या माळेलाही तेच नाव पडले, आणि लंडनमध्ये माळा करणाऱ्या कारागिरांच्या वस्तीमुळे एका रस्त्याचे नाव ‘पातेरनोस्तेर’ झाले. पुढे प्रभूच्या प्रार्थनेची जागा हळूहळू मरियेच्या वंदनाने घेतली. संत डॉमिनिक यांना तेराव्या शतकाच्या आरंभी प्रत्यक्ष मरियेने माळ दिली ही कथा फार लोकप्रिय आहे. परंतु तिचा प्रसार पंधराव्या शतकात, १४७५ मध्ये निवर्तलेल्या आलां द ला रोश या डॉमिनिकन उपदेशकाने केला, आणि त्याच्या पूर्वीचा आधार सापडत नाही, हे हर्बर्ट थर्स्टन या येशूसंघीय अभ्यासकानेच विसाव्या शतकाच्या आरंभी स्पष्ट केले आहे. स्वपक्षाच्या प्रिय कथेवर असा घाव घालणाऱ्या संशोधकाचे धैर्य उल्लेखनीय आहे. खरा महत्त्वाचा बदल त्याआधी, त्याच शतकाच्या पूर्वार्धात, ट्रिअर येथील कार्थुसियन मठात घडला. तेथील डॉमिनिक ऑफ प्रशिया नावाच्या साधूने पन्नास वंदनांना ख्रिस्तचरित्रातील पन्नास प्रसंगांची लहान लहान वाक्ये जोडली. मोजणीला कथा मिळाली ती येथे. पुढे प्रसंगांची संख्या पंधरावर स्थिरावली आणि १५६९ मध्ये पोप पायस पाचवे यांनी या पद्धतीस अधिकृत मान्यता दिली.

येथवरच्या इतिहासात मराठी समीक्षेच्या दृष्टीने एक गोष्ट फार मोलाची आहे. ही माळ ग्रंथापासून वंचित असलेल्यांचा ग्रंथ म्हणून जन्माला आली. तिला पूर्वी ‘मरियेची स्तोत्रसंहिता’ म्हणत, आणि दीडशे ही तिची संख्या ज्या ग्रंथाची ती जागा घेत होती त्या ग्रंथाची साक्ष होती. एकशे आठ या संख्येमागे जसा जैनांचा गुणांचा हिशेब आहे, तसा दीडशेमागे वाचता न येणाऱ्यांचा हक्क आहे.

आता रचनेकडे वळावे. आज प्रचलित असलेल्या माळेत एकोणसाठ मणी असतात: त्रेपन्न लहान, सहा मोठे. लहान मण्यावर मरियेचे वंदन आणि मोठ्यावर प्रभूची प्रार्थना म्हणतात. दहा लहान मण्यांचा एक गट होतो आणि असे पाच गट मुख्य वर्तुळात येतात. उरलेले मणी क्रुसाकडे लोंबणाऱ्या शेपटात असतात. हिंदू जपमाळेत मेरुमणी ओलांडायचा नाही, तेथून माळ उलटी फिरवायची, हा नियम आहे. तर्जनीचा स्पर्श वर्ज्य आहे. माळ गोमुखीत झाकून ठेवायची असते. जप हा गुप्त असावा, निदान एकट्याचा असावा, असा या सर्व नियमांचा रोख आहे. कॅथॉलिक माळ एकट्यानेही म्हणतात, पण तिचे गृहस्थजीवनातील रूप उघड आणि सामुदायिक आहे. एकाने पूर्वार्ध म्हणायचा, इतरांनी उत्तरार्ध उचलायचा, अशी तिची धाटणी असते.

ही विभागणी केवळ सोयीची नाही. मरियेच्या वंदनाचा पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानातून घेतलेला आहे आणि त्यात दोघांचे बोल आहेत: पहिला देवदूताचा, दुसरा मरियेची नातलग एलिझाबेथ हिचा. उत्तरार्ध शुभवर्तमानात नाही; तो भक्तसमाजाचा आहे, आणि त्याचे आजचे रूप सोळाव्या शतकात, १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथाबरोबर निश्चित झाले. म्हणजे म्हणणारा प्रथम दुसऱ्याच्या शब्दांत अभिवादन करतो आणि मग आपल्या शब्दांत विनंती करतो. ती विनंती या घटकेसाठी आणि मृत्यूच्या घटकेसाठी असते. आगंतुकाचा नमस्कार एका कंठातून येतो आणि मर्त्य माणसांची याचना सर्वांच्या कंठांतून उमटते. पन्नास वेळा तेच घडते, परंतु प्रत्येक वेळी ते संभाषण असते. नामजपात नाम एकच असते आणि ते उच्चारणाराही एकच. येथे तीन वक्ते आहेत. ‘जपमाळ’ या शब्दात हे संभाषण ऐकू येत नाही.

त्याहूनही अधिक झाकली जाते ती कथा. प्रत्येक दहा मण्यांच्या आरंभी एका प्रसंगाची घोषणा होते आणि पुढील दहा वंदने ओठांवर असता मनाने त्या प्रसंगाजवळ थांबायचे असते. शब्द हे येथे विषय नसून काळाचे माप आहेत. तंबोऱ्याचा षड्ज सतत वाजत राहावा आणि गायकाने राग त्यावर मांडावा, तसा वंदनाचा सूर चालू राहतो आणि कथा त्यावर उलगडते. पूर्वपरंपरेतील पंधरा प्रसंग तीन पंचकांत विभागलेले आहेत. आनंदाच्या पंचकात देवदूताचा निरोप, एलिझाबेथची भेट, गोठ्यातील जन्म, मंदिरातील अर्पण आणि हरवलेला बारा वर्षांचा मुलगा मंदिरात सापडणे हे प्रसंग आहेत. दुःखाच्या पंचकात बागेतील व्याकुळता, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणे आणि मरण. तर गौरवाच्या पंचकात पुनरुत्थान, स्वर्गारोहण, पवित्र आत्म्याचे आगमन, मरियेचे स्वर्गोन्नयन आणि तिचा राज्याभिषेक.

या यादीकडे कथारचना म्हणून पाहिले तर एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. बारा वर्षांच्या मुलानंतर कथा एकदम मरणाच्या आदल्या रात्री येते. मधले सर्व आयुष्य गळले आहे. बाप्तिस्मा नाही, डोंगरावरील प्रवचन नाही, दृष्टान्त नाहीत, रोग्यांना बरे करणे नाही. शुभवर्तमानाचा जो भाग प्रॉटेस्टंट प्रवचनकारास सर्वांत प्रिय आणि ज्यावर सुशिक्षित हिंदू वाचकही लुब्ध होतो, तोच नेमका येथे अनुपस्थित आहे. याला त्रुटी म्हणणारे पुष्कळ आहेत. पण ही कथा कोणाच्या दृष्टीने सांगितली आहे हे ध्यानी घेतले म्हणजे त्रुटीचे कारण उलगडते. ती आईच्या दृष्टीने सांगितलेली आहे. मुलगा घरात होता तोवर काय घडले ते आई जाणते. तो लोकांत गेला तेव्हाचे ती दुसऱ्यांकडून ऐकते. त्याला मरणाकडे नेतात तेव्हा ती पुन्हा त्याच्याजवळ असते. हरवलेल्या मुलाचा तीन दिवसांचा शोध हा आनंदाच्या पंचकातील शेवटचा मणी, आणि त्यानंतर लगेच बागेतील रात्र. एक शोध संपतो तेथे दुसरी ताटातूट सुरू होते. एवढ्या थोड्या जागेत इतकी नेमकी रचना क्वचितच आढळते, आणि ती कोणा एका कवीची नसून अनेक पिढ्यांच्या ओठांवर घासून सिद्ध झालेली आहे.

मराठी वाचकास या रचनेचे आप्त शोधायचे असतील तर ते जपमाळेत सापडणार नाहीत, ते जात्यापाशी सापडतील. दळणाऱ्या स्त्रियांनी रामकथा सांगताना युद्धकांडाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. सीतेचा वनवास, तिचे बाळंतपण, लवकुशांचे पाळणे यांवर त्यांच्या ओव्या रेंगाळतात. तेथेही हाताला काम असते, लय ठरलेली असते, कथा निवडक असते आणि निवड करणारी दृष्टी घरातील स्त्रीची असते. सामुदायिकतेच्या बाबतीत मात्र तेर्साचे नाते हरिपाठाशी जुळते. दिवेलागण, कुटुंबातील लहानथोर एकत्र, ग्रंथ उघडण्याची गरज नाही, अर्थ सर्वांना सारखाच कळतो असे नाही, आणि तरीही कोणी गैरहजर राहिले तर ते जाणवते, ही सर्व लक्षणे दोहोंना समान आहेत.

हे साधन गोव्यात कसे आले हे सांगताना मात्र काही गोष्टी सौम्य करून चालणार नाही. जुन्या गोव्यातील टेकडीवर रोझारच्या सायबिणीचे जे देऊळ आहे ते आफोंसो द आल्बुकेर्क यांच्या १५१० च्या विजयाच्या स्मरणार्थ बांधले गेले. १५६७ मध्ये साष्टीतील हिंदू देवालये पाडण्यात आली. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोच्या समुद्रात तुर्कांचा पराभव झाला. त्या विजयाचे श्रेय माळेच्या प्रार्थनेस देऊन रोमने सण घातला, आणि आजही ऑक्टोबर महिना माळेचा मानला जातो. योगायोगाने त्याच वर्षी विजापूरच्या अली आदिलशहाचा गोव्याला वेढा पडलेला होता. पन्हाळा आणि हा सर्व मुलूख तेव्हा त्याच आदिलशाहीचा. म्हणजे माळ येथे आली ती निव्वळ शांतीचे चिन्ह म्हणून नव्हे. सत्तेच्या हाताने आलेली वस्तू लोकांची केव्हा आणि कशी होते, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

१५७९ साली गोव्यात उतरलेल्या स्टीफन्स यांच्या दोन ग्रंथांकडे पाहिले असता या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा मिळतो. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे त्यांच्याकडून काढून घेतली गेली होती. त्यांना नवे पुराण हवे होते, आणि त्या मागणीतून ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले गेले हे त्या ग्रंथाच्या प्रस्तावनाभागातूनच दिसते. त्यासाठी स्टीफन्स यांनी मराठी भाषा आणि ओवी छंद निवडला; स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास ते कचरले नाहीत. परंतु धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे आणि नित्याच्या प्रार्थना त्यांनी मराठीत न देता गोव्याच्या कोंकणीत दिल्या. त्यांची ‘दौत्रीना क्रिस्तां’ १६२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, रायतूरलाच छापली गेली. पुराण ग्रंथभाषेत आणि प्रार्थना घरभाषेत, ही वाटणी त्यांनी विचारपूर्वक केली असे म्हणावे लागते. संस्कृत आणि प्राकृत यांच्या वाटणीची सवय असलेल्या समाजात ती चटकन रुजली.

मग २७ जून १६८४ चा हुकूम निघाला. व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यांनी देशी भाषा सोडून लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी असे फर्माविले. हुकूम जसाच्या तसा अमलात आला नाही, परंतु देशी भाषेतील ग्रंथनिर्मितीला त्याने ग्रहण लावले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, चौथी निघाली ती १९०७ साली, मंगळूरला, तीही रोमन लिपीत. देवनागरीत छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ मराठी वाचकाच्या हाती यावयास १९५६ साल उजाडावे लागले; ते काम शांताराम बंडेलू यांनी पुण्यात केले. मधल्या अडीचशे वर्षांत पुराणाची हस्तलिखिते काही घरांत जपली गेली, ती वाचलीही जात. पण ज्या घरात हस्तलिखित नव्हते, किंवा ते वाचणारे कोणी उरले नव्हते, तेथे तीच कथा पंधरा प्रसंगांच्या रूपाने रोज संध्याकाळी सांगितली जात होती. छापखाना बंद करता येतो, बोटांवरचे मोजमाप बंद करता येत नाही. युरोपात माळ ही निरक्षरांची स्तोत्रसंहिता होती. कोंकणात ती ग्रंथ गमावलेल्यांचे पुराण झाली. ज्या सत्तेने ती आणली त्याच सत्तेने भाषेवर आघात केला तेव्हा भाषा ज्या थोड्या जागी टिकली त्यांत माळेची प्रार्थना ही एक होती. ‘नमान मोरिये’ या कोंकणी वंदनाचे पहिले दोन शब्दच पाहावेत: ‘नमन’ येथले, नाव तेथले, आणि दोन्ही येथल्या उच्चारात मुरलेले.

या घरगुती पाठाला पोर्तुगीज ‘तेर्सु’ या शब्दावरून ‘तेर्स’ नाव पडले. त्याचा मूळ अर्थ ‘तिसरा हिस्सा’, म्हणजे दीडशे वंदनांपैकी पन्नास. अपूर्णांकाने प्रार्थनेचे नाव व्हावे हे गमतीचे खरे, पण ‘पाव’, ‘सव्वा’ आणि ‘दीड’ यांवर व्यवहार चालवणाऱ्या देशात ते परके वाटले नसावे. देवळातील सायंकाळच्या घंटेनंतर घरातील वडीलधारी व्यक्ती प्रसंगाचा ‘मिस्तेर’ सांगते, पाठ होतो, आणि शेवटी मुले मोठ्यांपुढे जाऊन ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात. गावात सायबिणीची मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरी मुक्कामाला जाते तेव्हाही तेर्स होतो. पालखी दारी येण्याचे महत्त्व जाणणाऱ्यास त्याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी, म्हणजे १९६२ पूर्वी, देवळातील मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. तेव्हा लॅटिन न समजणारे भाविक मिस्सा चालू असताही माळच ओढीत. परिषदेनंतर उपासना मराठीत आणि कोंकणीत आली. लोकभाषेची एकमेव प्रार्थना हा माळेचा मान त्यामुळे संपला, हे निर्विवाद आहे.

माळेवरील आक्षेपांचा विचार केल्यावाचून तिचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. प्रॉटेस्टंट परंपरेचा आक्षेप दुहेरी आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पोकळ पुनरुक्तीचा निषेध आहे, तेव्हा पन्नास वेळा तेच म्हणणे गैर. आणि मध्यस्थी ख्रिस्ताखेरीज कोणाची नाही, तेव्हा मरियेची याचना गैर. गौरवाच्या पंचकातील शेवटच्या दोन प्रसंगांना शुभवर्तमानात आधार नाही, हेही खरे. मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सिद्धान्त रोमने अधिकृतपणे घोषित केला तो १९५० मध्ये. मराठीत या आक्षेपाला एक वरकरणी बळकट साथीदार सापडतो, तो म्हणजे संतांची माळेवरील टीका. कबीराने मण्यांऐवजी मन फिरवावे असे बजावले; तुकोबांनी माळामुद्रांच्या देखाव्यावर कठोर प्रहार केले. परंतु हे दोन आक्षेप एक नव्हेत. संतांचा रोष मन नसलेल्या माळेवर आहे, पुनरुच्चारावर नाही. नामाची पुनरावृत्ती हा तर त्यांच्या साधनेचा कणाच आहे. प्रॉटेस्टंट आक्षेप पुनरुच्चारालाच लागू होतो, आणि तो तर्काने पुढे नेला तर हरिपाठही त्याच्या कचाट्यात सापडतो. टिळकांनी तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानले होते. त्या पुलावरून चालताना नामस्मरणाचे ओझे मागे ठेवावे लागते की नाही, हा प्रश्न त्यांच्या समीक्षकांनी पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. उलटपक्षी, पोप पॉल सहावे यांनी १९७४ च्या आपल्या पत्रात चिंतनाविना माळ म्हणजे आत्म्याविना देह अशा आशयाचे उद्गार काढले आहेत. तुकोबांचा आक्षेप आणि रोमचा इशारा येथे एकाच जागी येऊन मिळतात.

आता भाषांतराविषयी. ‘मिस्तेरियुम’ या लॅटिन शब्दासाठी मराठी कॅथॉलिक प्रार्थनेत ‘रहस्य’ हा शब्द रूढ झाला: आनंदाची रहस्ये, दुःखाची रहस्ये, गौरवाची रहस्ये. विसाव्या शतकातील मराठी वाचकास ‘रहस्य’ म्हटले की रहस्यकथा आठवते; दडवलेले काही शेवटी उघड व्हायचे असते, आणि उघड झाले की रहस्य उरत नाही. हा अर्थ येथे सर्वथा विघातक आहे, कारण हे प्रसंग सर्वांना ठाऊक आहेत आणि ठाऊक असूनच ते रोज पाहायचे आहेत. तथापि शब्द टाकाऊ नाही. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये आपल्या ग्रंथास ‘गीतारहस्य’ हे नाव दिले तेव्हा त्यांना लपवलेली गोष्ट अभिप्रेत नव्हती. उघड असलेल्या ग्रंथाचे मर्म अभिप्रेत होते. उपनिषदांच्या परंपरेतही ‘रहस्य’ म्हणजे जवळ बसून समजून घ्यावयाचे तत्त्व. या अर्थाने घेतले तर ‘दुःखाचे रहस्य’ हा शब्दप्रयोग मूळ लॅटिनपेक्षाही अधिक बोलका ठरतो. उणीव शब्दात नसून, त्याचा हा जुना अर्थ वाचकाच्या कानाआड झाला यात आहे. कोंकणी घरांनी ‘मिस्तेर’ तसाच ठेवला, त्यामुळे त्यांची अर्थहानी टळली. पण अर्थवृद्धीही झाली नाही. ‘जपमाळ’ या शब्दाबाबत असा बचाव करता येत नाही. तो साधनाचे नाव सांगतो आणि कथेला वगळतो. ‘रोझरी’ हा वसईकडे प्रचलित असलेला शब्द निदान वाचकास थांबवतो आणि अर्थ विचारावयास लावतो.

२००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘प्रकाशाची’ म्हणून पाच रहस्ये नव्याने जोडली: बाप्तिस्मा, काना गावचे लग्न, राज्याची घोषणा, रूपांतर आणि अखेरच्या भोजनातील पवित्र संस्काराची स्थापना. मधले गळलेले आयुष्य अशा रीतीने भरून निघाले, आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीने माळ अधिक पूर्ण झाली यात शंका नाही. कथारचनेच्या दृष्टीने तेच म्हणता येईल का, याविषयी मात्र मतभेदास जागा आहे. या पाच प्रसंगांपैकी कानाचे लग्न सोडले तर आई कोठेच ठळकपणे दिसत नाही. दृष्टी घरातून निघून शिष्यांकडे गेली आहे, आणि हरवलेला मुलगा सापडण्याच्या आणि बागेतील रात्रीच्या मधोमध, जेथे पूर्वी एक भयाण शांतता होती, तेथे आता प्रवचन आणि चमत्कार आले आहेत. पूर्णतेसाठी ही किंमत मोजावी लागली. दीडशेचे दोनशे झाले, आणि स्तोत्रसंहितेशी असलेले संख्येचे जुने नाते तुटले. पन्नास वंदने आता एकूण पाठाचा तिसरा हिस्सा नसून चौथा आहेत. आजऱ्याच्या आणि सावंतवाडीच्या घरांत संध्याकाळी त्यांना अजून तेर्सच म्हणतात.